सत्तरच्या गटातली धाकटी

३ नोव्हेंबर

धाकटे,

फोन केला की तू “नंतर बोलते ताई, कोर्टवर आहे” म्हणतेस आणि ते नंतर काही उगवत नाही. म्हणून हे पत्र. बोलणाऱ्याला मध्येच तोडता येतं, पत्राला येत नाही.

मी सगळं आयुष्य लोकांच्या तोंडात डोकावण्यात घालवलं. किडलेल्या दाढा, पू झालेल्या हिरड्या, दातांत अडकलेलं परवाचं जेवण, सगळं पाहिलं आणि घरी येऊन पोटभर जेवले. दातांच्या डॉक्टरला किळस येऊन चालत नाही. ती मला काल आली, आमच्या क्लबच्या फळ्यासमोर उभी असताना.

ज्येष्ठांच्या टेनिस स्पर्धेचा ड्रॉ लागला होता. यंदा स्पर्धा आमच्याकडे आहे हे तुला माहीत आहेच, तू नाव दिलंयस म्हणजे. मी माझ्या दुहेरीतल्या जोडीदारणीबरोबर बघायला गेले होते. ती बँकेत कॅशिअर होती, सगळे तिला बँकवाली म्हणतात. त्र्याहत्तरची आहे. उजवा गुडघा कामातून गेलाय, खांदा वर जात नाही म्हणून सर्व्हिस खालून करते, आणि तरी एकेरीत आमच्यापैकी कुणाला ऐकत नाही. आजवर दोनदा अंतिम फेरीला पोचली आणि दोन्ही वेळा हरली. स्पर्धा झाली की तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे आणि त्यानंतर डॉक्टर तिला कोर्टवर उभी करणार नाहीत. तेव्हा तिला जे जिंकायचं ते याच वेळी.

बोट फिरवत ती एकेक नाव वाचत होती. महिला एकेरी, वय सत्तर आणि पुढे. तुझं नाव तिनेच वाचलं, सासरच्या आडनावासकट. म्हणाली, “ही कोण नवीन? नुकतीच सत्तरीत आलेली दिसते. म्हणजे जड जाणार.”

मी पुढची नावं मोठ्याने वाचायला लागले.

धाकटे, तू सत्तरची कधी झालीस? सत्तरची मी झाले, जानेवारीत. तुला घरी आणलं तेव्हा मी धावत होते, बोलत होते, आणि तुला बघून “हिला परत देऊन या” म्हणाले होते. आई अजून ते मला ऐकवते. तू अडुसष्टची आहेस. शाळेत नाव घालताना बाबांनी तुझी दोन वर्षं वाढवली, कारण त्यांना दोघींना एकाच वर्गात बसवायचं होतं. एकदाच सोडायचं, एकदाच आणायचं, पुस्तकं एकाच संचात भागवायची. मास्तरांना बेरीज करायची फुरसत नव्हती, नाहीतर त्यांना दिसलं असतं की कागदावर आपल्या आईने पाच महिन्यांच्या अंतराने दोन मुली जन्माला घातल्यात.

जगातल्या सगळ्या बाया वय चोरतात ते खालच्या बाजूला. वरच्या बाजूला चोरणारी जमात फक्त आपली. पासष्टच्या गटात तू म्हातारी होतीस, पासष्टीच्या ताज्या बाया तुला पहिल्याच फेरीत घरी पाठवत होत्या. सत्तरच्या गटात तू पोरगी झालीस. आपल्या वयात दोन वर्षं म्हणजे एक धड गुडघा. हे तुला माझ्याइतकंच कळतं, आणि कळतं म्हणूनच तू नाव दिलंस.

नाव मागे घे. पाठ धरली म्हण, काहीही म्हण. पण ये. तीन वर्षांत आईला तोंड दाखवलेलं नाहीस. ये, घरी राहा, माझ्या शेजारी बसून बघ आणि सगळ्यांच्या खेळाला नावं ठेव. त्यात तुझा हात कुणी धरणार नाही.

ताई


११ नोव्हेंबर

धाकटे,

माझ्या तीन पानांना तुझं उत्तर म्हणजे फोनवर चार ओळींचा मेसेज. ते मी इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. “ताई, त्या तारखेने माझी नोकरीची दोन वर्षं खाल्ली तेव्हा कुणी हळहळलं नाही. आता तीच तारीख मला काही देतेय तर तुझ्या पोटात का दुखतं? मी हॉटेलवर उतरेन. आपण बहिणी आहोत हे तिथे कुणाला सांगू नकोस. आईला पुढच्या वेळी भेटेन.”

तुझं पहिलं वाक्य खरं आहे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून तुला दोन वर्षं आधी घरी बसवलं, तुझ्या हाताखालचा माणूस तुझ्या खुर्चीत बसला, आणि तू बाबांच्या फोटोकडे पाठ करून जेवायचीस. मला तेव्हा तुझं वाईट वाटलं होतं. आजही वाटतं. पण ती दोन वर्षं तुझ्या कचेरीने घेतली. ती बँकवालीच्या गुडघ्यातून वसूल करायची हा कुठला न्याय?

आणि बहिणी आहोत हे सांगू नकोस म्हणजे काय? कुणी विचारलं तर काय सांगू, वाटेत भेटलो? तुझं डोकं कसं चाललं ते मला कळलं. आडनावं वेगळी, चेहरे वेगळे, तू बाबांवर गेलीस आणि मी आईवर. इथे तुला कुणी पाहिलेलं नाही, आणि तू का येत नाहीस ते सांगावं लागू नये म्हणून आई नि मी बाहेरच्यांसमोर तुझा विषय काढत नाही. मी सत्तरची आहे हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, केक कापला होता ना माझ्यासाठी क्लबात. तेव्हा माझी धाकटी बहीण सत्तरच्या गटात निघाली की कुणीही बोटांवर मोजेल. म्हणून बहीणच नको. इतकं सरळ. उवा झाल्या की केस कापतात तसं.

मी ते वाचलं आणि खरं सांगते, तोंड धुऊन आले.

आईला तुझं काही सांगितलेलं नाही. तिने स्पर्धेचं ऐकलंय आणि न सांगता मागच्या खोलीतलं सामान हलवून घेतलं. मी विचारलं कशासाठी, तर म्हणाली, “खेळायचं असलं की ती येतेच.” एक्क्याण्णवची बाई खुर्चीतून उठू शकत नाही, पण बसल्या जागेवरून घर हलवते. कान शाबूत, डोकं शाबूत, नजर लांबची उत्तम. तिला गुंडाळणं मला या जन्मी जमलेलं नाही. तिला काय सांगू? तू इथे येणार, आपल्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर झोपणार, आणि पुढच्या वेळी भेटणार?

पुढच्या वेळी म्हणजे कधी ते तिला विचारायची माझी छाती नाही. तू विचार.

ताई


१९ नोव्हेंबर

धाकटे,

हे पत्र तुझ्या हॉटेलच्या काउंटरवर ठेवतेय. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, आपण त्यांच्या कोण? मी म्हटलं, क्लबकडून आलेय.

आज कपडे बदलायच्या खोलीत तू शिरलीस तेव्हा मी मोजे काढत होते. तुला बघून आधी मला बरं वाटलं, ते लपवत नाही. केस पार पांढरे केलेस. चांगले दिसतात. मग तू सगळ्यांकडे बघून हसलीस आणि मला म्हणालीस, “आपण इथल्याच का?”

आपण. मला. ज्या बहिणीच्या कडेवर तू शाळेत गेलीस तिला.

आणि मी काय केलं? “हो, इथलीच,” म्हणाले. ते शब्द तोंडातून बाहेर पडले तेव्हा मला माझ्याच जिभेची शिसारी आली. दुसऱ्याच फेरीत मी हरले त्याचं कारण तू आहेस असं म्हणणार नाही, कारण मी अशीही हरलेच असते. पण पहिला सेट मी काय खेळले ते मला आठवत नाही.

त्या खोलीतच मला आज पहिल्यांदा सगळ्याचा वीट आला. इतकी वर्षं मला ती खोली आवडायची. मलमाचा वास, क्रेप पट्ट्यांची भेंडोळी, कुणाचा खुबा नवा, कुणाचा मोतीबिंदू पिकला, याच्या गप्पा. आज ऐकलं तर एकजण पुढच्या महिन्यात पंचाहत्तरची होतेय म्हणून बाकीच्या तिचं अभिनंदन करत होत्या आणि मनातून जळत होत्या, कारण नव्या गटात ती सगळ्यांत लहान. दुसरी एक हळूच विचारत होती की ती अमुक बाई खेळणार नाही ना, तिचा नवरा आजारी आहे म्हणे. तो आजारीच राहावा असा तिचा सूर होता. आपण म्हातारपणी खेळतो म्हणून लोक टाळ्या वाजवतात. आत येऊन बघा म्हणावं. बाहेर फलक लावलाय, मनाने तरुण. मनाने आम्ही चौथीतल्या पोरी आहोत, डबे पळवणाऱ्या.

आणि आमचे मुख्य पंच. शाळेत कवायत शिकवायचे, अजून गळ्यात शिट्टी घालून हिंडतात, टेनिसमध्ये शिट्टी कुठे वाजवायची हे त्यांनाही माहीत नाही. सगळे त्यांना शिट्टीमास्तर म्हणतात. ते तुझ्यावर भाळले आहेत. तुझ्या सामन्यात तू स्वतःच्याच बाजूला पडलेला चेंडू आत दिलास, रेषेला लागलाय म्हणालीस, तर ते दिवसभर ज्याला त्याला सांगत होते की खिलाडूवृत्ती बघायची तर या बाईंची बघा. मी तिथेच उभी होते. त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. तू चेंडूच्या बाबतीत कधी खोटं बोलली नाहीस, लहानपणीही नाही. एका चेंडूचं खरं सांगायचं आणि अख्खी बाई खोटी उभी करायची, ही कला तू कुठे शिकलीस?

उद्याची उपांत्य फेरी तू जिंकणार, आणि बँकवालीही जिंकणार. तिचा सामना बघून आले. एका पायावर खेळली आणि जिंकली. म्हणजे अंतिम फेरीत तुम्ही दोघी.

आजची संध्याकाळ तुझ्याकडे आहे, उद्याचा दिवस आहे. घरी ये. आईशेजारी बस. मग तू खेळलीस काय नि न खेळलीस काय, मी शब्दाने बोलणार नाही. बघ, मी कुठवर खाली आले. आठ दिवसांपूर्वी मी न्यायाच्या गोष्टी करत होते.

ताई


२१ नोव्हेंबर, सकाळ

पत्र नाही, चिठ्ठी आहे.

काल तू आली नाहीस. बँकवाली आली. आईला भेटायला ती नेहमी येते, सामन्याच्या आदल्या दिवशी हमखास, आईचा हात डोक्यावर घेतल्याशिवाय तिला खेळता येत नाही. आईने विचारलं, समोर कोण आहे? बँकवाली म्हणाली, नाव लक्षात राहत नाही, पण डावखुरी आहे, उंच आहे, आणि दर सर्व्हिसच्या आधी रॅकेटने बुटावर टकटक करते, माती असो नसो.

आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. बँकवालीला यश चिंतलं. ती गेल्यावर मला म्हणाली, “उद्या मला मैदानावर ने.”

मी आणतेय तिला. मला नाही म्हणता आलं नाही. दहा वाजता आम्ही तिथे असू, पूर्वेच्या कुंपणापाशी सावलीत. सामन्याआधी येऊन तिला भेट. सगळ्यांसमोर नको असेल तर मागच्या फाटकापाशी ये, मी खुर्ची तिकडे वळवते.

ताई


२८ नोव्हेंबर

वर काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून मायना घातलेला नाही.

तू मेडल घेतलंस, फोटो काढलेस आणि दुपारच्या गाडीने गेलीस. तू पाण्याच्या पिंपापाशी उभी असताना शिट्टीमास्तर आईच्या खुर्चीसमोर वाकले होते, ते तू बघितलंस. काय चाललंय ते विचारायला आली नाहीस. इथलं कुणी तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

पहिला सेट तू घेतलास. दुसरा बँकवालीने घेतला, नुसत्या उंच चेंडूंवर, तुला मागे ढकलून ढकलून. मग तू ड्रॉप शॉट काढलेस. तिचा गुडघा तुला पहिल्या पाच मिनिटांतच कळला होता, मला दिसलं. तेव्हा तुला गरज नव्हती. गरज पडली तशी तू जाळ्याजवळ उजव्या कोपऱ्यात एकामागून एक चेंडू टाकलेस, आणि ती प्रत्येकासाठी धावली. सोडून द्यायला तिला येत नाही. शेजारचे लोक म्हणत होते, काय हात आहे बाईंचा. मला उठून जावंसं वाटत होतं. शेवटच्या टायब्रेकमध्ये तिचा एक चेंडू रेषेवर पडला आणि तू पुन्हा बोट दाखवून आत दिलास. टाळ्या वाजल्या. मला ओकारी आली.

आई सगळं बघत होती. ठेवणीतली शाल घेऊन बसली होती. तुझ्या प्रत्येक फटक्याला तिचा हात खुर्चीच्या दांड्यावर हलत होता. मग तो बॅकहँड आला, रेषेला समांतर, लहानपणी भिंतीवर मारायचीस तसाच. आणि आई मोठ्याने म्हणाली, “वा, धाकटे!”

दोन गुणांच्या मधली शांतता होती. सगळ्यांनी ऐकलं. तू वळलीस. तू तिच्याकडे बघितलंस, धाकटे, तिच्या डोळ्यांत बघितलंस, आणि मग मान फिरवून बुटावर टकटक केलीस आणि सर्व्हिस केलीस.

आईने हात शालीत ओढून घेतला. उरलेला सामना तिने बघितला, पण हात बाहेर काढला नाही.

बँकवाली हरली. हसून तुझ्याशी हात मिळवला, लंगडत माझ्याजवळ येऊन बसली, गुडघ्यावर बर्फ ठेवला. थोड्या वेळाने विचारलं, “तुझी आई तिला धाकटे का म्हणाली?” मी बर्फाकडे बघत राहिले. ती बाई जन्मभर नोटा मोजत आलीय, तिला किती वेळ लागणार? “तू यंदा सत्तरची,” एवढंच म्हणाली. माझ्याकडे तिने असं बघितलं की त्या नजरेपेक्षा तिने थोबाडीत मारलेली बरी. मग उठली आणि तशीच लंगडत शिट्टीमास्तरांकडे गेली. बक्षिसं वाटायच्या आत तक्रार करावी लागते, नियम आहे.

शिट्टीमास्तर टोपी हातात घेऊन आले. बिचारे इतके ओशाळले होते की आधी आईच्या तब्येतीची चौकशी करत बसले. मग मला म्हणाले, “डॉक्टरबाई, राग मानू नका. विचारणं भाग आहे. त्या बाई तुमच्या सख्ख्या बहीण का?”

मी सांगणार होते. हे तुला कळलंच पाहिजे. हो, माझी सख्खी धाकटी बहीण आहे, हे वाक्य माझ्या दातांपाशी येऊन थांबलं होतं. तुझ्यावर बंदी आली असती, पेपरात आलं असतं, आणि मला त्याचं काडीचं दुःख झालं नसतं.

आईने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि त्यांना विचारलं, काय झालंय? त्यांनी समजावून सांगितलं. वयाचे गट, थोरली सत्तरची असेल तर धाकटी सत्तरची कशी, तसं निघालं तर मेडल दुसऱ्या बाईंचं. आई नीट ऐकत होती. मध्ये एकदा तिने तुझ्याकडे बघितलं, तू पाणी पीत होतीस. तिला तोवर माहीत नव्हतं की तू घरी का आली नाहीस. ते तिला त्या क्षणी कळलं, आणि कळताना मी तिचा चेहरा बघितला. तो मी तुला सांगणार नाही.

मग ती म्हणाली, “मला मुलगी ही एकच. धाकटी होती, ती लहानपणीच गेली. डावखुरी होती. कुणी डाव्या हाताने खेळताना दिसलं की माझ्या तोंडून निघून जातं. म्हातारीचं मनावर घेऊ नका.”

शिट्टीमास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी आईची माफी मागितली, मग जाऊन बँकवालीला सांगितलं. मी लांबून बघितलं, तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मी आईला म्हटलं, घरी जाऊ. ती म्हणाली, बक्षिसं बघून जाऊ. तुझ्या गळ्यात मेडल घातलं तेव्हा तिने शालीतून हात बाहेर काढले आणि टाळ्या वाजवल्या, बाकीचे वाजवत होते तशाच, बाकीचे थांबले तेव्हा थांबली.

घरी आल्यावर मी तिच्यावर ओरडले. सत्तराव्या वर्षी आईवर ओरडले. असं कसं बोललीस, जिवंत पोरीला मारलंस, आणि त्या बिचारीच्या तोंडाला पानं पुसलीस. ती म्हणाली, “तिने ओळख दिली नाही, म्हणजे तिला ते फार हवं होतं. तिने मागितलं आणि मी दिलं नाही, असं कधी झालंय?” आणि सूप मागितलं, गरम कर म्हणाली.

तुला वाटेल इथे संपलं. दुसऱ्या दिवशी बँकवाली आली, फुलं घेऊन. आईच्या पायांशी बसून रडली. मी हावरट आहे, म्हणाली, एका मेडलसाठी तुमची जखम उकरली. जिला तू लुबाडलंस ती बाई आपल्या आईची क्षमा मागत होती, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून चहाचं आधण बघत होते. मग तिने विचारलं, मुलगी कशाने गेली? आई म्हणाली, तापाने. किती वर्षांची होती? शाळेत घातलं होतं नुकतं. कशी होती दिसायला? आणि आईने सांगितलं, धाकटे. उंच होती, बापावर गेली होती, थोरलीच्या कडेवर बसून शाळेत जायची, चेंडू आत पडला की बाहेर कधी म्हणायची नाही. बँकवाली हुंदके देत होती आणि आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. तुझं एकही खोटं सांगितलं नाही तिने. फक्त शेवट खोटा.

मी चहा बेसिनमध्ये ओतला आणि नव्याने ठेवला.

क्लबात आता माझ्याशी सगळे हळू आवाजात बोलतात. शिट्टीमास्तरांचं चाललंय की त्या लहान मुलीच्या आठवणीसाठी दरवर्षी एक चषक ठेवावा. तिचं नाव विचारत होते. मी सांगितलं नाही, आठवत नाही म्हटलं. सख्ख्या बहिणीचं नाव आठवत नाही, आणि तेही त्यांना पटलं, इतके भले लोक आहेत.

मी आता कुणाकडेही जाऊन खरं बोलू शकत नाही. तुला खोटी पाडायची तर आधी आईला खोटी पाडावी लागेल, चारचौघांत, एक्क्याण्णवाव्या वर्षी. तेव्हा मेडल तुझंच. सत्तरच्या गटात तू अजून पाच वर्षं खेळ. मी रॅकेट माळ्यावर टाकली. बँकवालीशी मला डोळा भिडवता येत नाही, आणि ती रोज येते. ऑपरेशन पुढे ढकललंय तिने, संध्याकाळी आईजवळ बसते, आईला एकटं वाटू नये म्हणून.

तू म्हणाली होतीस पुढच्या वेळी येईन. तुला येऊ नको म्हणायचा मला अधिकार नाही, आणि ये म्हणायची इच्छा नाही. पण समजा आलीस, आणि बँकवाली शेजारी बसलेली असली, तर मी कोण आलंय म्हणून सांगायचं, हे मी काल आईला विचारलं. तिने जराही विचार केला नाही.

म्हणाली, “बाईंना बसायला दे. चहा विचार.”